उंदराचा नकाशा आणि आपले शिवार

(शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेच्या पत्रकावर माझ्या विषयापुढे ‘उंदीर नियंत्रण’ असे छापले आहे. त्यामुळे आमिषात विष किती टाकायचे ते मी सांगेन, आपण ते लिहून घ्याल आणि मग चहा होईल, अशी आपली समजूत झाली असेल. विषाबद्दल बोलणार आहे, पण शेवटी आणि थोडक्यात. त्याआधी मीच आपल्याला एक प्रश्न विचारतो. आपल्या शिवारात कोणता उंदीर आहे?

लहान तो उंदीर आणि मोठी ती घूस, एवढ्यावर आपले भागते. औषधाच्या दुकानातही तेवढेच विचारले जाते. परंतु आपल्या या दोन तालुक्यांत एका बाजूला कालव्याखालचा ऊस, दुसऱ्या बाजूला जिराईत ज्वारी आणि त्यापलीकडे उघडा माळ आहे. अशा भागात शेतात राहणाऱ्या उंदरांच्या निदान पाच जाती भेटतात आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असते. त्यांपैकी एका जातीबद्दल मी आज बोलणार आहे. तिला आपण मऊ केसांचा उंदीर म्हणू. शास्त्रीय नाव मिलार्डिया मेल्टाडा. अंगाने घरातल्या उंदरापेक्षा लहान, पाठ करडी-तपकिरी, पोट फिकट, शेपटी वरून गडद आणि खालून पांढरट. केस हाताला खरोखरच मऊ लागतात. हा रात्री हिंडतो आणि घरात सहसा येत नाही. याचे सगळे आयुष्य शेतात जाते.

हा उंदीर कोठे राहू शकेल याचा नकाशा आता संगणकावर तयार करता येतो. असे नकाशे वाघ, माळढोक, तणमोर यांच्यासाठी पूर्वीपासून होत आले आहेत. उंदरासाठीही होतात. असा एखादा नकाशा उद्या आपल्यापुढे कोणी मांडला तर तो कसा वाचावा, त्यावर किती विश्वास ठेवावा आणि तो सुधारण्यासाठी आपण काय करू शकतो, हे सांगण्यासाठी मी आलो आहे.

सुरुवात जरा मागून करतो. या उंदराची पहिली चांगली हकीकत वॉल्टर इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिली. हा इलियट धारवाडकडे नोकरीला होता. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी ज्या इंग्रजांना ताब्यात घेतले त्यांत हा एक होता. सुटका झाल्यावर तो पुन्हा त्याच मुलखात हिंडला आणि १८३९ साली त्याने दक्षिण मराठा प्रांतातील सस्तन प्राण्यांची सविस्तर यादी प्रसिद्ध केली. त्या काळी धारवाडच्या आसपासच्या भागाला इंग्रज दक्षिण मराठा प्रांत म्हणत. या उंदराबद्दल त्याने जे लिहिले त्याचा आशय असा आहे. हा उंदीर फक्त लागवडीच्या शेतात राहतो. बीळ असे धड करीतच नाही. झुडपाच्या मुळाशी कसेतरी उकरतो, शेतात गोळा करून ठेवलेल्या दगडांच्या ढिगात राहतो, घुशीने सोडलेल्या बिळात शिरतो, नाहीतर उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या खोल भेगांत मुक्काम करतो. पावसाळा सुरू झाला की भेगा मिटतात आणि त्यांत दरवर्षी पुष्कळ उंदीर मरतात. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस कमी झाला. भेगा वेळेवर मिटल्या नाहीत आणि उंदीर अतोनात वाढले. पेरलेले बी त्यांनी खाल्ले. पुढे ज्वारीच्या ताटावर चढून कणसे तोडली. शेतेच्या शेते गेली, इतकी की शेतकऱ्यांना सारा भरता येईना. मग वडार लोकांना बोलावून उंदीर मारायला लावले. इतक्या डझनांना एक माप धान्य असा दर होता. हजारोंनी उंदीर मारले, पण संख्या काही कमी झालेली दिसली नाही.

याचे शास्त्रीय नावही त्या वडारांकडूनच आले आहे. ते या उंदराला ‘मेत्तड’ म्हणत. त्याचे शास्त्रीय नावात मेल्टाडा झाले. नावाचा पहिला भाग, मिलार्डिया, हा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्यावरून पडला. म्हणजे नावाचा अर्धा भाग मुंबईच्या कचेरीतला आणि अर्धा बीळ खणणाऱ्याच्या तोंडचा. मला स्वतःला दुसरा अर्धा जास्त महत्त्वाचा वाटतो. का ते पुढे येईलच.

इलियटच्या हकिकतीत तीन गोष्टी आहेत. जमीन कोणती, तर भेगाळणारी काळी. आडोसा कोणता, तर दगडांचे ढीग, झुडपे आणि सोडलेली बिळे. आणि वेळ कोणती, तर पहिला पाऊस चुकला ते वर्ष. आजचा संगणकसुद्धा हेच करतो. फरक इतकाच की इलियटने डोळ्यांनी पाहून सांगितले आणि संगणक आकड्यांवरून सांगतो.

आता नकाशा कसा तयार होतो ते पाहू. ज्या ज्या ठिकाणी हा उंदीर खात्रीने सापडला आहे त्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. हे झाले बिंदू. मग त्या भागाचे वेगवेगळे थर घ्यायचे. एक थर पावसाचा, एक तापमानाचा, एक उंचीचा, एक जमिनीचा, एक उपग्रहातून दिसणाऱ्या हिरवाईचा. बिंदूंच्या ठिकाणी हे थर कसे आहेत आणि बाकीच्या भागात कसे आहेत याची संगणक तुलना करतो. बिंदूंशी जी जमीन जास्त मिळतीजुळती असेल तिला जास्त गुण देतो. गुण शून्य ते एक या दरम्यान असतात. या कामासाठी मॅक्सेंट नावाची पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते. अमेरिकेतील फिलिप्स, अँडरसन व शापायर या तिघांनी ती २००६ साली सविस्तर मांडली. ती विनामूल्य मिळते. तिची सोय अशी की प्राणी कोठे नाही याच्या नोंदी तिला लागत नाहीत, कोठे आहे तेवढे पुरते. हीच तिची अडचणही आहे. तिच्याकडे परत येऊ.

शेवटी जो रंगीत नकाशा निघतो त्यात लाल भाग म्हणजे ‘येथे उंदीर आहे’ असे नव्हे. येथे अनेकांची गफलत होते. मृद सर्वेक्षणाच्या नकाशात अमुक जमीन डाळिंबाला योग्य म्हणून दाखवलेली असते. म्हणून तेथे डाळिंब लावलेले असतेच असे नाही. एखाद्याने तेथे कांदा केला असेल, कोणी घर बांधले असेल. योग्य जागा आणि प्रत्यक्ष वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंदराचा नकाशाही योग्यतेचा असतो. लाल रंगाची कड जेथे संपते तेथे उंदीर थांबतो असेही नाही. ती कड नकाशा करणाऱ्याने ठरवलेली असते.

दुसरी गोष्ट मापाची. आपण शेतकरी आहात, माप चटकन कळेल. जगभर वापरले जाणारे हवामानाचे तयार थर साधारण एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद अशा चौकोनांत असतात. असा एक चौकोन म्हणजे शंभर हेक्टर, जवळजवळ अडीचशे एकर. आता पाटसच्या किंवा न्हावऱ्याच्या शिवारातील अडीचशे एकर डोळ्यांपुढे आणा. त्यात कालव्याची चारी आली, उसाचे फड आले, कांदा आला, जिराईत पट्टी आली, एखादा मुरमाड उंचवटा आला आणि वस्तीही आली. या सगळ्याला संगणक एकच आकडा देतो. मऊ केसांच्या उंदराचा संसार मात्र काही गुंठ्यांत आटोपतो. शिवाय शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. या टोकापासून त्या टोकापर्यंत पावसाचा किंवा तापमानाचा असा मोठा फरक नाही, की उंदराने ही वाडी सोडून ती वाडी पसंत करावी. तेव्हा हवामानाचे थर वापरून केलेला नकाशा मावळ आणि दौंड यांतील फरक बरोबर सांगतो. परीक्षेत त्याला गुणही चांगले मिळतात, कारण प्रश्न सोपा असतो. पण दौंड तालुक्याच्या आत तो आंधळा असतो. चकचकीत नकाशा दाखवून कोणी त्याचे गुण सांगितले तर आपण विचारावे की हे गुण केवढ्या मुलखावर मिळाले?

मग उपाय काय? आता युरोपचा सेंटिनेल-२ नावाचा उपग्रह आहे. पहिला २०१५ साली सोडला. त्याची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. त्यातील बारीक चौकोन दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतो, म्हणजे शंभर चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटर. म्हणजे हा उपग्रह आपल्या शेताकडे गुंठ्यागुंठ्याने पाहतो असे म्हटले तरी चालेल. एप्रिल-मेमधील चित्र घेतले तर जे हिरवे दिसते ते पाण्याखालचे आणि जे तपकिरी दिसते ते जिराईत किंवा माळ. पाटबंधाऱ्याच्या कागदावर लाभक्षेत्र किती आहे ते बाजूला ठेवा, मे महिन्यात पाणी खरोखर कोठे पोचते ते या चित्रात दिसते. आपल्यापैकी शेवटच्या चारीवरचे जे आहेत ते आता हसत आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळले.

उंदरासाठी हा थर सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पाणी आले की उंदराची जातच बदलते. काळी जमीन सुकली तरच भेगाळते. बारमाही उसाखाली ती ओली राहते, भेगा पडत नाहीत आणि मऊ केसांच्या उंदराचे आयते घर जाते. त्याच वेळी ओला, भुसभुशीत बांध आणि बारा महिने खाणे मिळाल्याने शेतातली घूस वाढते. गावातल्या गटारात दिसणाऱ्या थोराड घुशीपेक्षा ही लहान असते, पण नुकसानीत तिच्याइतका दांडगा दुसरा कोणी नाही. ती बिळात कणसे साठवून ठेवते. सिंचन वाढले तशी कोरडवाहू जमिनीतल्या उंदरांची जागा घुशीने घेतली, हे देशाच्या अनेक भागांत दिसून आले आहे. जोधपूरच्या मरुक्षेत्र संशोधन संस्थेत डॉ. ईश्वर प्रकाश यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर आयुष्यभर काम केले. १९७७ पासून तेथूनच उंदीर नियंत्रणाचा अखिल भारतीय प्रकल्प चालवला गेला. उंदराचा विचार पीक, पाणी आणि जमीन यांच्याबरोबर करावा, ही दृष्टी आपल्याकडे त्या कामातून आली.

जाता जाता, पाणी वळवणे या मुलखाला नवे नाही. घोड नदीच्या काठी, आपल्या इनामगावला, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधरा वर्षे उत्खनन केले. तेथे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. पुराचे पाणी शेतीकडे नेण्यासाठी केलेला चर आणि बांध त्यांना सापडला, धान्य साठवण्याचे खड्डे आणि कणगीखालचे गोल ओटेही सापडले. जेथे चर, बांध आणि कणगी एकत्र आली तेथे उंदीर आले नसतील असे मला तरी वाटत नाही.

आता आपण दौंड तालुका दक्षिणेकडून उत्तरेकडे मनानेच चालून जाऊ. कुरकुंभच्या बाजूच्या उंचवट्यांवर जमीन हलकी, मुरमाड, माती वीतभर. येथे भेगा पडत नाहीत, म्हणून मऊ केसांचा उंदीर येथे कमी मिळावा. येथे भेटतो तो एक अगदी बारका, राठ केसांचा उंदीर. त्याच्या बिळाच्या तोंडाशी बारीक खडे गोळा केलेले असतात आणि तो खड्यांनीच तोंड बुजवतो. खड्यांची ती रास एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही. याच हलक्या जमिनीत शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला, लांब उड्या मारणारा जर्बिलही असतो. त्याच्या बिळाला बरीच तोंडे असतात. खाली उतरून यवत, वरवंड, पाटसकडे आले की खडकवासल्याचा उजवा कालवा येतो आणि कालव्याच्या खालच्या अंगाला चित्र पालटते. आणखी पुढे भीमेच्या काठाने राहू, पारगाव, नानगाव या बाजूला ऊस आणि गुऱ्हाळे. तेथे राज्य घुशीचे. बांधावर ताज्या मातीचा ढीग आणि आतून बुजवलेले तोंड ही तिची खूण. मऊ केसांच्या उंदराने कोठे जावे, तर मधल्या पट्ट्यात, जेथे जमीन काळी आहे पण पाणी बारमाही नाही, रब्बी ज्वारी आणि हरभरा होतो आणि बांधाकडेला वर्षानुवर्षे वेचून टाकलेल्या दगडांचे ढीग आहेत. शिरूर तालुक्यातही हेच. मांडवगण फराटा, इनामगाव ही नदीकाठची बागायत आणि पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई ही वरची कोरडी गावे. यांच्या उंदरांत फरक असला पाहिजे.

‘असला पाहिजे’ असे मी म्हणतो आहे याकडे लक्ष द्या. हेच भाकीत. जमीन आणि पाणी पाहून केलेला अंदाज आहे, मोजून आलेली गोष्ट नव्हे. संगणकही याहून वेगळे काही करीत नाही. तो खरा की खोटा हे शेतात बसूनच कळणार.

आता बिंदूंबद्दल. नकाशा बिंदूंपेक्षा शहाणा असू शकत नाही. जुने बिंदू कोठून येतात? संग्रहालयांतून. नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, ती आपल्या खानदेशापासून. त्या काळी नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर गावाचे नाव आणि तारीख असे. तेवढेही फार मोलाचे आहे. पण गावाचे नाव म्हणजे कोणते शेत? संगणकात टाकताना चावडीचे अक्षांश-रेखांश घातले जातात आणि उंदीर धरला असेल तीन किलोमीटरवरच्या वस्तीवर. अडीचशे एकरांच्या चौकोनाला हे एक वेळ चालते, गुंठ्याच्या चौकोनाला चालत नाही.

नवे बिंदू कसे जमतात? कोणी गाडी घेऊन निघतो, पुणे-सोलापूर रस्त्याने किंवा पुणे-नगर रस्त्याने. जेथे गाडी उभी करता येते तेथे पिंजरे लावतो. सगळे बिंदू रस्त्याच्या दोन्ही अंगांना पडतात. संगणकाला हे कोणी सांगितले नाही तर तो प्रामाणिकपणे निष्कर्ष काढतो की या उंदराला महामार्ग आवडतो. हसण्यासारखे आहे, पण अशा नकाशांतली ही नेहमीची चूक आहे. तिला उतारा दोनच. एक, रस्ता सोडून आत जाणे. दुसरा, जेथे शोधले आणि उंदीर मिळाला नाही ती जागाही लिहून ठेवणे. मघाशी म्हटले की या पद्धतीला ‘नाही’ची नोंद लागत नाही. लागत नाही, पण मिळाली तर नकाशा तपासायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. आणि ही ‘नाही’ची नोंद बाहेरून आलेला माणूस एका रात्रीत देऊ शकत नाही. जो रोज बांधावरून जातो तोच देऊ शकतो. वडारांचा शब्द शास्त्रात गेला तो याच कारणाने. बिळाशी रोज काम त्यांचे होते.

आपल्या जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या मऊ केसांच्या उंदराचा सख्खा भाऊबंद सिंहगडावर आहे. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी, मिश्रा आणि धांडा यांनी, १९७५ साली त्याला वेगळी जात म्हणून नाव दिले, मिलार्डिया कोंडाणा. कोंडाणा हे गडाचेच जुने नाव. तो गडाच्या माथ्यावरच्या गवता-झुडपांत राहतो आणि नामशेष होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. एका भावाला आपण विष घालतो आणि दुसरा जपावा म्हणून जग काळजी करते. वरवर पाहिले तर दोघांतला फरक सामान्य माणसाला सांगता येणार नाही. जागेवरून मात्र सांगता येतो. कोंडाण्याच्या उंदराचा नकाशा करणे फार अवघड, कारण बिंदू मोजके आणि तेही एकमेकांना चिकटून. इतक्या थोड्या बिंदूंवरून संगणक काढेल तो नकाशा नवीन जागा शोधायला दिशा म्हणून घ्यावा, त्यापेक्षा जास्त काही नाही. आपल्या शेतउंदराचे तसे नाही. बिंदू हवे तितके मिळतील, घेणारा पाहिजे.

याचा आपल्याला उपयोग काय, असे मघाशी मागच्या रांगेतून कोणी विचारले. उपयोग खर्चाचा आहे आणि नुकसानीचाही. गावाने मिळून मोहीम काढायची ठरवली की विष सर्वत्र सारखे वाटले जाते, माळावरसुद्धा. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक. २०२२ साली मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातील निमकोरड्या भागातील उघड्या माळरानांचा उपग्रहावरून केलेला नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात अशी जमीन देशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी भरली. तेथे खोकड आहे, लांडगा आहे, आपल्या शेजारी सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे. खोकड आणि घुबड यांचे पोट मोठ्या प्रमाणात उंदरांवर चालते. माळावरचा खड्यांच्या बिळाचा तो बारका उंदीर आपल्या उसाला कधी शिवत नाही. त्याच्यावर विष खर्चायचे आणि आपलेच फुकटचे राखणदार मारायचे, हा व्यवहार कोणत्याच हिशेबात बसत नाही. उलट जेथे घूस आहे तेथे अर्ध्याच शेतकऱ्यांनी आमिष टाकले तर शेजारच्या फडातून ती महिन्याभरात परत येते. म्हणजे कोठे सर्वांनी मिळून करायचे आणि कोठे अजिबात करायचे नाही, हे नकाशा सांगू शकतो.

मधल्या काळ्या पट्ट्यासाठी तर विषाआधीचा उपाय आपल्या हातात आहे. रब्बी ज्वारीला तीन कोळपण्या द्याव्यात ही शिफारस जुनीच आहे, तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात आणि शेवटची आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. ती शिफारस ओल टिकवण्यासाठी आहे, भेगा बुजाव्यात म्हणून. पण भेग हेच ज्याचे घर त्याचे घरही त्याबरोबर मोडते. शेवटची कोळपणी बहुतेकजण टाळतात, मजुरी परवडत नाही म्हणून. मजुरीचा हिशेब मांडताना कणसांचाही मांडावा. बांधावरचे दगडांचे ढीग एकदा ताल घालायला वापरून टाकावेत. सापडलेल्या फटी मातीने लिंपाव्यात, नाहीतर ढीग फक्त लांबट होतो.

उसाचे पाचट जाळू नका असे आम्ही सांगतो आणि ते योग्यच आहे, पण पाचटाखाली घुशीला आडोसा मिळतो हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असताना एकच सांगणे मला पटत नाही. पाचट ठेवा, बांधालगतची दोन-तीन हात रुंदीची पट्टी मात्र मोकळी ठेवा, म्हणजे ताजी माती नजरेस पडेल. लोळलेल्या उसात याचा उपयोग होत नाही, तेथे ऊस बांधणे हाच इलाज.

आता विष. झिंक फॉस्फाईड लगेच मारते, पण चव कळून जो उंदीर वाचतो तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावीत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष द्यावे लागते. ब्रोमॅडिओलोन सावकाश मारते, सवय लावावी लागत नाही, पण ते उंदराच्या शरीरात राहते आणि असा उंदीर खाणाऱ्या घुबडाला बाधते. दोन्ही आमिषे कागदात गुंडाळून जिवंत बिळातच ठेवावीत, उघड्यावर फेकू नयेत. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत. प्रमाण आणि हाताळणी कृषी विभागाच्या आपल्या भागातील अधिकाऱ्यांकडून समोर बसून समजून घ्यावी, ऐकीव माहितीवर मिश्रण करू नये. उंदराला उघड्या हाताने शिवू नये. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून पसरतो आणि १९९४ साली बीड जिल्ह्यात प्लेग आला होता हे आपल्यापैकी वयस्कर मंडळींना आठवत असेल. जर्बिलसारखे रानउंदीर तो रोग वागवतात.

राहिले नोंदींचे. गावचा गटनकाशा मिळवा. त्याची एक मोठी प्रत काढा. जिवंत बिळे मोजायची पद्धत सोपी आहे. संध्याकाळी दिसतील तेवढी बिळे मातीने बुजवायची आणि सकाळी उघडलेली मोजायची. घूस मात्र स्वतःच तोंड बुजवते, म्हणून तिच्यासाठी ताज्या मातीचे ढीग मोजायचे. आणि मऊ केसांचा उंदीर भेगांत असेल तर बुजवायला बीळच नसते. त्याच्यासाठी पिंजरा लावावा लागतो, भज्याचा तुकडा किंवा भाजलेले शेंगदाणे घालून, सलग तीन रात्री. वहीत इतकेच लिहा: तारीख, गट नंबर, मोबाईलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, जमिनीचा रंग व खोली, पीक, शेवटचे पाणी कधी दिले, बिळाच्या तोंडाशी खडे, माती की काहीच नाही, आणि संख्या. संख्या शून्य असेल तर शून्य लिहा, ओळ कोरी सोडू नका. मोबाईलची चूक पाच-दहा मीटरची असते, म्हणजे गुंठाभर. ती चालेल.

ही मोजणी मे महिन्याच्या अखेरीस एकदा करावी. तेव्हा रानात खायला कमी असते आणि उंदीर सर्वांत थोडे असतात, त्यामुळे मोहीम काढायचीच असेल तर तीच वेळ. दुसरी मोजणी ऑक्टोबरमध्ये, रब्बीची पेरणी उरकल्यावर. एका वर्षी मात्र तिसरी करावी लागेल. नकाशातला पावसाचा थर अनेक वर्षांच्या सरासरीचा असतो, १८२६ सारखे वर्ष त्यात दिसत नाही. आपल्याकडे मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात होतो, म्हणून खरिपात मोकळ्या ठेवलेल्या काळ्या रानांतल्या भेगा अर्धवट मिटलेल्या राहण्याची भीती अधिक. ज्या वर्षी मृग कोरडा जाईल आणि आर्द्राही तशाच जातील, त्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या काळ्या पट्ट्यातील रानांत जाऊन भेगेत काठी घालून पाहावी. काठी हातभर आत जात असेल तर त्याच संध्याकाळी पिंजरे लावावेत.